चेन घालायच्या आधी

पार्सल तीन दिवस वाळपईच्या स्टँडवर,
औषधाच्या दुकानात पडून होतं.
कुरियरवाल्याला हिवरे सापडलं नाही म्हणे.
मीच जाऊन आणलं. एका पिशवीत
खोकल्याची बाटली आणि कार्बोरेटरचं किट.

रोहिदास फोनवर म्हणाला, राहू दे, दे कुणाकडे तरी.
दिली होती की गेल्या साली.
परत आली ती दुसऱ्याच कुणाच्या मशीनचं झाकण घालून.
आणि तो वेर्ण्याहून येणार रविवारी, जाणार सोमवारी पहाटे,
माट्टीचं झाड मात्र काजूच्या वाटेवर आडवं पडलंय नवरात्रापासून.
फेब्रुवारीत बोंडू गळायला लागले
की खोडावरून टोपल्या कोण उचलून नेणार?

पडवीत जुनी चादर. सहा करवंट्या ओळीनं.
पहिलीत झाकणाचे स्क्रू, दुसरीत फिल्टरचे,
तिसरीपासून हिशेब चुकला.

अख्खा पावसाळा पेट्रोल टाकीतच राहिलं होतं.
नळी हातात आली कुरडईसारखी मोडत.
डायफ्रॅम, जो पापणीसारखा हलायला हवा,
जुन्या सोलासारखा ताठ.
नवी नळी टाकीच्या भोकातून जाईना.
टोक तिरकं कापलं, साबण लावला,
शेवटी क्रोशाची सुई घातली आत आणि ओढली.
या सुईनं आजवर मी फक्त
टीव्हीवर घालायची जाळी विणली होती.

स्टार्टरची स्प्रिंग उडते, हे किटवर कुठं लिहिलेलं नव्हतं.
मांजर अजून घरात आलेलं नाही.

साडेनऊ वाजले. दोरी ओढली.
सात वेळा नुसती खोकली,
आठव्या वेळी धूर, अकराव्या वेळी
सगळ्या वाड्याला कळलं.

पलीकडे दिवा लागला.
सगुण गावस टॉवेलावरच बाहेर आला, हातात बॅटरी.
सर्व्हेचा दगड रोवला त्याला तीन वर्षं झाली,
तेव्हापासून आमचं बोलणं नाही.
तो माझ्याकडे आला नाही. सरळ हद्दीवरच्या फणसाकडे गेला
आणि खोडाला हात लावून उभा राहिला,
जसं गुराला कोणी सोडून नेऊ नये म्हणून उभं राहतात.

मी काहीच म्हटलं नाही. मशीन इतकं ओरडत होतं
की म्हणून उपयोगही नव्हता.
मग त्याची बॅटरी माझ्या हातावर आली,
हातावरून पातीवर.
पाती मोकळी. दात नाहीत.
चेन बाजूला, तेलाच्या डब्यात, वेटोळं करून.

फणसावरचा हात खाली आला.
बावीस वर्षं खाणीवरच्या वर्कशॉपात टिपर बघायचा तो,
खाणी बंद पडल्या तोवर.
एक कान माझ्याकडे करून म्हणाला,
'लीन धांवता तें.'
मी वईवरून बारीक स्क्रू-ड्रायव्हर पुढं केला.
माझ्या हातातली मशीन तशीच चालू,
त्यानं डोळे मिटले,
पाव फेरा सोडला, थोडा परत घेतला,
आणि आवाज खाली बसला
चुलीवरून उतरवलेल्या पेजेसारखा.

बंद केली. कान वाजत होते,
मग हळूहळू रातकिडे.
'चेन घालून परत आयक,' तो म्हणाला,
'वजन आयलें की आवाज बदलता.'
बॅटरी गेली. दिवा गेला.
फणसाला परत हात लावला की नाही, ते दिसलं नाही.

रविवारी रोहिदासनं दोरी ओढली, दुसऱ्याच वेळी सुरू.
खूश झाला. म्हणाला, मग चेन का नाही घातलीस?
मी म्हटलं, तेल मुरू दे.

चेन ताणायचा स्क्रू
त्याच बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं फिरतो.
तो सगुणकडेच राहिलाय.
घरात तेवढा एकच आहे.